काट्यावरचे वजन आणि करदोड्याची गाठ

दिवाळी सरली की पांढरकवडा, वणी, घाटंजीच्या बाजार आवारांत कापसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि काट्यावरचे वजन कितीही भरो, ग्रेडर ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस काढतो, त्याचा ओलावा अजमावतो, धाग्याची लांबी न्याहाळतो. ओलावा ८ टक्क्यांवर गेला तर भावात कपात आणि १२ टक्क्यांवर गेला तर सरकारी खरेदीत माल नामंजूर, हे यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. मालाची प्रत निव्वळ वजनावरून ठरत नाही हे ज्याला नित्याच्या व्यवहारातून पटलेले आहे, तोच गृहस्थ स्वतःच्या देहाविषयी मात्र ‘आपण तर सडपातळ, आपल्याला कुठली साखर’ असे म्हणून निर्धास्त राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे जे सूत्र दवाखान्यांतून रूढ आहे, ते बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने १८३२ च्या सुमारास मांडले, आणि तेही लोकसमूहाच्या अभ्यासाकरिता. ते एका माणसाला लावताना काय निसटते, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच देहाच्या दाखल्याने दाखविले: त्यांचा आणि इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा या सूत्राने येणारा निर्देशांक सारखाच, २२.३, परंतु युडकिन यांच्या अंगी चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२. ही चरबी पोटाच्या पोकळीत व यकृतात साठली की इन्सुलिनचे कार्य अडू लागते, आणि काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणूनच तिशी ओलांडलेल्यांसाठी आशाताई आजारांची जोखीम जोखणारा जो सीबॅक फॉर्म भरून घेतात, त्याच्या गुणांत वजनाचा रकानाच नाही, याचे मला मोठे अप्रूप वाटते. समजा, ४५ वर्षांचा, १६५ सेंटिमीटर उंच, ६२ किलो वजनाचा शेतकरी आहे, निर्देशांक २२.८, म्हणजे आशियाई लोकांसाठी ठरविलेल्या २३ च्या आत. परंतु वयाचे २ गुण, रोजच्या खर्ऱ्याचे २, कंबर ९२ सेंटिमीटर म्हणून १, वडिलांना मधुमेह म्हणून २. राबता देह असल्यामुळे श्रमाच्या रकान्यात शून्य, तरी एकूण ७, आणि ४ च्या वर गेलेल्याची रक्तदाब व साखरेची तपासणी अग्रक्रमाने व्हावयाची. हा रोगाचा निवाडा नव्हे, तपासणीचे समन्स होय.

कंबर मोजायला घरी टेप नसला तरी अडत नाही. डोक्यापासून टाचेपर्यंत सुती दोरा मोजून घ्यावा, तो मधोमध दुमडावा आणि श्वास सोडून, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधल्या भागावर गुंडाळावा. टोके जुळली नाहीत तर पोट उंचीच्या निम्म्याहून अधिक झाले. करदोड्यावर मात्र विसंबू नये, कारण पोट सुटू लागले की तो घसरून खाली जातो आणि गाठ आपली पूर्वीच्याच जागी राहते.

गोंड, प्रधान वस्त्यांत सिकलसेल आढळतो, म्हणून तेथील वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तीन महिन्यांच्या साखरेची जी चाचणी करतात, ती तांबड्या पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यावर आधारलेली आहे; सिकलसेलच्या रुग्णात या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे साखर वाढलेली असूनही आकडा कमी दिसू शकतो. तेव्हा तपासणीला जाताना सिकलसेलचे कार्ड खिशात असू द्यावे आणि रक्त घेण्यापूर्वीच ते डॉक्टरांपुढे ठेवावे.