विश्लेषण : पोलाद वितळते, मग भट्टी का वितळत नाही?

घराच्या स्लॅबमध्ये पडणारी प्रत्येक सळई कधीतरी सुमारे १,६०० अंश सेल्सियसचा द्रव होती. एवढा तप्त द्रव ठेवायचा कशात? लोखंडी भांडे तर स्वतःच वितळेल. म्हणून भट्टीला आतून उष्णता सोसणारे अस्तर लावतात. त्याला ‘रिफ्रॅक्टरी’ म्हणतात. हे अस्तर किती झिजले यावर कामगारांची सुरक्षा आणि ते कशाचे आहे यावर सळईचा दर्जा अवलंबून असतो. कसा, ते पाहू.

अस्तर कशाचे असते?

पोलाद साधारण १,५०० अंशांना वितळते. सिलिका सुमारे १,७०० अंशांना, अॅल्युमिना २,०५० आणि मॅग्नेशिया २,८०० अंशांना. म्हणजे तिन्ही पदार्थ चालायला हवेत. पण प्रश्न केवळ तापमानाचा नाही. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, ते तापमानामुळे नव्हे, तर ताक आणि भांडे यांच्यातील अभिक्रियेमुळे. भट्टीतही हेच घडते.

जालन्यासारख्या सळई उत्पादनाच्या केंद्रांत भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवतात. या भट्ट्यांचे अस्तर बहुधा सिलिकाचे असते. क्वार्ट्झच्या भुकटीत थोडे बोरिक अॅसिड मिसळून ती ठोकून बसवतात आणि तापवून घट्ट करतात. याच भुकटीला कारखान्यात ‘रॅमिंग मास’ म्हणतात. ती स्वस्त असते, बदलायलाही सोपी.

पोलाद अस्तर कसे खाते?

पहिला शत्रू गंज. गंजलेल्या भंगारातून आलेले लोहाचे ऑक्साइड सिलिकाशी संयोग पावते आणि सुमारे १,२०० अंशांनाच वितळणारे संयुग तयार होते. १,७०० अंश सोसणारे अस्तर मग पृष्ठभागापासून विरघळू लागते. दुसरा शत्रू जादा तापमान. पोलाद गरजेपेक्षा अधिक तापवले, की त्यातील कार्बन सिलिकामधील ऑक्सिजन ओढून घेतो. कार्बन मोनॉक्साइड वायू निघून जातो आणि सिलिकॉन धातूत उतरते. याशिवाय धातू सतत घुसळत असतो, भट्टी तापते-निवते, त्यामुळे भेगा पडतात. म्हणून हे अस्तर काही दिवसांतच बदलावे लागते.

मोठ्या पोलाद प्रकल्पांतील कन्व्हर्टरमध्ये मॅग्नेशिया-कार्बनच्या विटा असतात. धातूवर तरंगणारा अशुद्धींचा वितळलेला थर, म्हणजे स्लॅग, कार्बनला सहसा चिकटत नाही. शिवाय स्लॅगमध्ये मुद्दाम मॅग्नेशिया मिसळतात. पाकात पुरेशी साखर असली की आणखी विरघळत नाही, तसेच हे. अशी अस्तरे हजारो हीट टिकतात.

सळईच्या दर्जाशी काय संबंध?

फॉस्फरस जास्त असेल तर पोलाद ठिसूळ होते. तो काढण्यासाठी चुन्याचा, म्हणजे आम्लारिधर्मी स्लॅग लागतो. सिलिका मात्र आम्लधर्मी. त्यामुळे चुना घातला की तो आधी अस्तरच खातो.

हे कोडे जुने आहे. हेन्री बेसेमर यांच्या १८५६च्या पद्धतीत सिलिकायुक्त अस्तर होते आणि फॉस्फरसयुक्त खनिज त्यात निरुपयोगी ठरत असे. लंडनच्या न्यायालयात कारकुनी करणारे सिडनी गिलख्रिस्ट थॉमस संध्याकाळी रसायनशास्त्र शिकत. त्यांनी मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांच्यासह डोलोमाइटचे आम्लारिधर्मी अस्तर वापरले आणि १८७९पर्यंत पद्धत यशस्वी करून दाखवली. फॉस्फरस स्लॅगमध्ये गेला आणि तो स्लॅग पुढे खत म्हणून विकला गेला.

सिलिका अस्तराच्या इंडक्शन भट्टीला ही सोय नाही. भंगार आणि स्पंज आयर्नमधून आलेला फॉस्फरस जवळपास तसाच सळईत उतरतो. म्हणजे दर्जा कच्चा माल निवडतानाच ठरतो. अॅल्युमिना-आधारित अस्तर चुना अधिक सोसते, पण ते महाग पडते.

धोका कधी?

इंडक्शन भट्टीत अस्तराची जाडी काही इंचच असते, कारण चुंबकीय क्षेत्र आतल्या धातूपर्यंत पोहोचावे लागते. अस्तराबाहेर तांब्याची कॉइल असते आणि तिच्यातून थंड पाणी वाहते. एका बाजूला १,६०० अंशांचा द्रव, दुसऱ्या बाजूला पाणी. भेगेतून धातू कॉइलपर्यंत पोहोचून पाण्याला भिडला, तर त्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १,६०० पट असते. हाच स्फोट. ओले भंगार किंवा भंगारातील बंद डबेही असाच घात करतात.

म्हणून भट्टीला अर्थ लीकेज दाखवणारी यंत्रणा असते. तिचा इशारा मिळूनही ‘आणखी एक हीट काढू’ म्हणणे जिवावर बेतू शकते. अस्तर बदलणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. क्वार्ट्झची बारीक धूळ सतत श्वासात गेली तर सिलिकोसिस होतो. त्यांच्यासाठी योग्य मास्क आवश्यकच आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

सळई घेताना विक्रेत्याकडे त्या लॉटचे चाचणी प्रमाणपत्र मागा. आयएस १७८६ या भारतीय मानकानुसार एफई ५०० सळईत फॉस्फरस कमाल ०.०५५ टक्के, तर एफई ५००डी सळईत ०.०४० टक्के चालतो. वजन आणि दराइतकाच हा आकडाही विचारायला हवा.