ऑलमन ब्रदर्स बँड, द

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील याच नावाच्या रॉक वाद्यवृंदाची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका. ४ नोव्हेंबर १९६९ रोजी प्रसिद्ध. आग्नेय अमेरिकेतील राज्यांत विकसित झालेल्या ‘सदर्न रॉक’ या संगीतप्रकाराची प्रमुख लक्षणे प्रथम एकत्रितपणे या ध्वनिमुद्रिकेत आढळतात. प्रसिद्धीच्या वेळी तिला व्यावसायिक यश लाभले नाही. तिचे महत्त्व नंतरच्या काळात प्रस्थापित झाले.

वाद्यवृंदाची स्थापना मार्च १९६९ मध्ये फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे झाली. त्याचा प्रवर्तक ड्वेन ऑलमन (१९४६–७१) हा ॲलाबॅमा राज्यातील मसल शोल्स येथील ध्वनिमुद्रणगृहात विल्सन पिकेट इ. कृष्णवर्णीय गायकांना गिटारची साथ करीत असे. त्याचा धाकटा भाऊ ग्रेग (१९४७–२०१७) गायक व ऑर्गनवादक होता. डिकी बेट्स (गिटार), बेरी ओकली (बास गिटार), बुच ट्रक्स व जेमो (ड्रम) हे इतर सदस्य. जेमो हा कृष्णवर्णीय असून त्याने ओटिस रेडिंगसारख्या गायकांना साथ केली होती. वांशिक विभक्तीकरणाविरुद्धचा नागरी हक्क कायदा १९६४ मध्ये झाला होता. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी दक्षिणेत अशा मिश्र वृंदाने एकत्र राहणे व प्रवास करणे ही सहज घडणारी गोष्ट नव्हती. रेडिंगचा व्यवस्थापक फिल वॉल्डन याने ड्वेनला करारबद्ध केले आणि वृंद जॉर्जिया राज्यातील मेकन येथे स्थायिक झाला.

ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथील अटलांटिक ध्वनिमुद्रणगृहात झाले. नियोजित निर्माता टॉम डाउड उपलब्ध न झाल्याने ते काम एड्रियन बार्बर याने केले. ध्वनिमुद्रिकेत सात रचना असून त्यांपैकी पाच ग्रेगच्या आहेत. उरलेल्या दोहोंपैकी ‘ट्रबल नो मोअर’ ही ब्लूज गायक मडी वॉटर्सची, तर आरंभीची वाद्यरचना इंग्लंडमधील स्पेन्सर डेव्हिस ग्रुपची आहे.

या संगीताची घडण पुढीलप्रमाणे सांगता येईल : ब्लूज हा त्याचा पाया. त्यावर दोन प्रमुख गिटारी कधी एकमेकींना उत्तर देतात, तर कधी एकच धून वेगवेगळ्या स्वरांतरांवरून बरोबरीने वाजवतात. त्यामुळे प्रमुख वादक व साथीदार हा नेहमीचा भेद उरत नाही. बोटात औषधाची काचेची बाटली घालून ती तारांवर सरकवण्याची ड्वेनची शैली मानवी आवाजातील मींडेची आठवण करून देते. दोन ड्रमवादकांपैकी ट्रक्स लयीचा भक्कम आधार देतो, तर जेमो जॅझच्या पद्धतीने तिच्यात भर घालतो. ‘ड्रीम्स’ या रचनेत स्वरसंवाद वारंवार बदलण्याऐवजी एकाच स्वरमालेचा सावकाश विस्तार केलेला आहे. माइल्स डेव्हिसच्या जॅझसंगीताचा प्रभाव तीत स्पष्ट दिसतो. ‘व्हिपिंग पोस्ट’ या अखेरच्या रचनेची सुरुवात अकरा मात्रांच्या आवर्तनाने (३+३+३+२) होते. आपण अकरा मात्रांचा ताल योजला आहे, याची ग्रेगला कल्पना नव्हती. ड्वेनने ती गोष्ट त्याच्या लक्षात आणून दिली, असे ग्रेगने पुढे सांगितले.

प्रसिद्धीनंतर ध्वनिमुद्रिकेच्या पस्तीस हजारांहून कमी प्रती खपल्या आणि ‘बिलबोर्ड’च्या यादीत ती १८८ व्या क्रमांकापुढे गेली नाही. वृंदाने न्यूयॉर्क किंवा लॉस अँजेल्सला जावे, असे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सुचविले. परंतु सदस्यांनी मेकन सोडण्यास नकार दिला आणि सतत दौरे करून श्रोते मिळविले. त्यांच्या उत्स्फूर्त वादनाला ध्वनिमुद्रणगृहातील मर्यादित वेळ अपुरा होता, हे या दौऱ्यांत दिसून आले. मूळ ध्वनिमुद्रिकेत सुमारे पाच मिनिटांची असलेली ‘व्हिपिंग पोस्ट’ ही रचना ‘ॲट फिलमोर ईस्ट’ (१९७१) या प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत बावीस मिनिटांहून अधिक काळ चालते. या ध्वनिमुद्रिकेने वृंदाला मोठे यश मिळवून दिले व पहिल्या ध्वनिमुद्रिकेकडेही लक्ष वेधले. १९७३ मध्ये पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका ‘बिगिनिंग्ज’ या नावाने एकत्रितपणे पुन्हा प्रसिद्ध झाल्या.

तथापि हे यश ड्वेनला फार काळ अनुभवता आले नाही. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकन येथे मोटारसायकल अपघातात तो मरण पावला. ११ नोव्हेंबर १९७२ रोजी ओकलीचाही त्याच शहरात तशाच अपघातात अंत झाला. वृंदाचे कार्य मात्र खंडित कालावधी वगळता २०१४ पर्यंत चालू राहिले.

लिनर्ड स्किनर्ड व मार्शल टकर बँड यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये निघाल्या, तेव्हा या संगीतप्रकाराला श्रोतृवर्ग तयार झालेला होता. रॉकचा जन्मच दक्षिणेत झाला असल्याने ‘सदर्न रॉक’ हे नाव ग्रेगला मात्र पुनरुक्तीचे वाटे. कृष्णवर्णीयांचे ब्लूज व जॅझ आणि गौरवर्णीयांचे ग्रामीण संगीत यांना वेगळे ठेवणाऱ्या प्रदेशातच या ध्वनिमुद्रिकेने त्यांचा मेळ घातला, यातच तिचे ऐतिहासिक महत्त्व आहे.