बालकलावंतांना कायद्याचे संरक्षण

मराठी भूमीत चित्रपटाचा जन्म झाला, तेव्हापासून बालकलावंत त्याच्या सोबतीला आहेत. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) त्यांचा पुत्र भालचंद्र याने रोहिदासाची, तर ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कन्या मंदाकिनी हिने श्रीकृष्णाची भूमिका केली. ती निर्मिती घरची होती. आज चित्रपट, मालिका व जाहिराती यांचा मोठा व्यवसाय झाला आहे. त्यामुळे बालकांचे हित केवळ निर्मात्याच्या सद्भावनेवर सोपविता येत नाही.

पालकांचे प्रेमही प्रत्येक वेळी पुरेसे ठरत नाही. अमेरिकेतील जॅकी कूगन हा बालनट ‘द किड’ (१९२१) या चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाला. सज्ञान झाल्यावर मात्र आपल्या कमाईतील फारच थोडे शिल्लक असल्याचे त्याला आढळले. १९३८ साली त्याला आई व सावत्र वडिलांविरुद्ध न्यायालयात जावे लागले. त्यातूनच १९३९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने बालकलावंतांच्या कमाईच्या रक्षणासाठी कायदा केला.

भारतात १९८६ च्या बालकामगारविषयक अधिनियमात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील बालकांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी करण्यात आली. कलावंत म्हणून काम करण्यास मात्र सवलत आहे. पण शालेय शिक्षणात बाधा येता कामा नये, ही तिची मुख्य अट होय. सर्कशीला ही सवलत नाही. पैशासाठी रस्त्यावर केल्या जाणाऱ्या खेळांनाही नाही.

२०१७ च्या नियमांनी या सवलतीला निश्चित मर्यादा घातल्या आहेत. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात व्हावयाचे, तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घेतली पाहिजे. अर्जासोबत हमीपत्र, सहभागी बालकांची यादी, पालकांची संमती आणि सुरक्षिततेस जबाबदार व्यक्तीचे नाव द्यावे लागते. हे हमीपत्र सहा महिने ग्राह्य असते. बालकाकडून दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त दिवस त्याला कामावर बोलावता येत नाही. जास्तीत जास्त पाच बालकांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, तसेच अभ्यासात खंड पडू नये अशी सोय करावी लागते. बालकाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेण्यास मनाई आहे.

कमाईचे किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत बालकाच्या नावे मुदत ठेवीत ठेवणे बंधनकारक असून, ती रक्कम त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. उर्वरित रकमेचा विनियोग पालकांच्या हाती राहतो. म्हणून त्यांनीही ही तरतूद नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हे नियम कागदावर न राहता अमलात यावयाचे, तर स्थानिक पातळीवर दक्षता हवी. आता चित्रीकरण खेडोपाडीही होते. गावात चित्रपटाचा चमू आला, की बालकांच्या सहभागासाठी परवानगी घेतली आहे काय, याची विचारणा पंचायत सदस्यांनी करावी. विद्यार्थी वारंवार गैरहजर राहू लागला, तर शिक्षकांनी त्याचे कारण जाणून घ्यावे. गैरप्रकार आढळल्यास जिल्हा प्रशासनास अथवा १०९८ या बालसाहाय्य दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. कलागुणांचे कौतुक जरूर व्हावे. मात्र त्याची किंमत बालकाच्या शाळेने आणि बालपणाने चुकती होऊ नये.