पद्मिनीला दुसरा कार्बोरेटर बसवताना

कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. फोर-स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत ते एकदाच पूर्ण हवा ओढतं. मिनिटाला ५००० फेरे आणि सिलिंडर ८० टक्के भरतात असं धरलं, तर मिनिटाला सुमारे २१८० लिटर हवा लागते. या गरजेहून फार मोठा कार्बोरेटर घेऊ नये. व्हेंच्युरी, म्हणजे कार्बोरेटरमधला हवेचा अरुंद गळा, रुंद झाली की हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे बारीक तुषार होत नाहीत आणि सिग्नलवरून निघताना गाडी गचके देते. ‘मोठा म्हणजे जास्त ताकद’ ही समजूत सर्वांत महागात पडते.

खरेदीआधी बूड, बोल्टमधलं अंतर आणि व्हेंच्युरीचं माप जुन्याशी ताडून पाहा. सोलेक्स कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास सांगतो: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. जुना सुटा कार्बोरेटर मिळाला, तर थ्रॉटलचा दांडा बोटांनी हलवून पाहाच. तो खुळखुळत असेल तर तिथून जादा हवा शिरते आणि आयडलिंग कधीच जमत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे सील आणि होज घ्या.

बसवल्यावर थोडी गाडी चालवून प्लग काढा. टोक फिकट तपकिरी हवं. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी.