परक्याच्या गळासाठी वाढवलेले मासे

अमेरिकेच्या पूर्व भागातील पेनसिल्व्हेनिया हा मुलूख कोळशाच्या खाणींमुळे आणि पोलादाच्या भट्ट्यांमुळे आपल्या कानांवरून गेलेला असला, तरी ज्याची वार्ता सहसा बाहेर जात नाही आणि ज्यात खपणाऱ्यांना एका पैचीही प्राप्ती होत नाही, असा एक उद्योग तेथे १९३२ पासून चालत आला आहे. गावोगावची गळाच्या शौकिनांची मंडळे सरकारच्या मत्स्य खात्याकडून ट्राउट माशाची बोटुकली घेतात, पदरमोड करून कित्येक महिने ती जोपासतात आणि वसंतात ती आसपासच्या तळ्यांत व ओढ्यांत सोडून मोकळी होतात. अशी शंभराहून अधिक केंद्रे असून दरसाल सुमारे दहा लक्ष मासे त्यांच्या हातून पाण्यात जातात. खात्याची अट मात्र मोठी मार्मिक आहे : हे मासे सर्वांना गळ टाकण्याची मुभा असलेल्या पाण्यातच सोडले पाहिजेत. ज्याने वाढवले त्याचा त्यांवर कवडीचाही हक्क उरत नाही.

ट्राउटला मराठीत नाव नाही, आणि आपले ओढे चैत्रात कसे आटतात हे पाहिलेल्याला त्याचे नवल वाटू नये. हा मासा थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा रहिवासी. पाणी वीस अंशांच्या वर चढू लागले की तो कासावीस होतो. म्हणून या मंडळांचे हौद झऱ्याच्या तोंडाशी बांधलेले असतात : लांबट, अरुंद, सिमेंटचे, एका टोकाने पाणी आत येणारे आणि दुसऱ्या टोकाच्या जाळीतून बाहेर पडणारे.

सारा जीव त्या जाळीत अडकलेला असतो. शरदात रात्री वारा सुटला आणि मेपलची पाने जाळीवर थरांनी चिकटली, की प्रवाह कोंडतो. पाणी काठावरून वाहू लागते, त्याबरोबर मासेही जातात, आणि वरच्या बाजूची जाळी तुंबली असेल तर आत राहिलेले काही तासांतच गुदमरतात. तेव्हा ज्याची पाळी असेल त्याला, मग तो निवृत्त खाणकामगार असो की शाळामास्तर, पहाटेच्या अंधारात बॅटरी आणि दाताळे घेऊन हौदावर जावेच लागते. थिजलेल्या बोटांनी तो पाने ओढून काढतो, तळाशी आडवा पडलेला मेलेला मासा जाळ्याने उचलतो आणि वहीत त्याची नोंद करतो. मग दाणा. तोही मूठभर टाकला आणि झाले, असे नव्हे. थोडे मासे तोलून साऱ्यांच्या वजनाचा अदमास घ्यायचा आणि पाण्याच्या उष्णतेप्रमाणे शिधा ठरवायचा, कारण उरलेला दाणा कुजला की तेच पाणी विषासमान होते. बगळ्याला मात्र हा हिशेब ठाऊक नसतो. कायद्याने त्याला अभय असल्यामुळे त्याला बंदूक दाखवण्याची सोय नाही. हौदावर जाळे ताणून स्वस्थ बसावे लागते.

सोडण्याच्या आदल्या दिवशी माशांना उपवास घडवतात, म्हणजे वाटेत टाकीतले पाणी घाण होत नाही. मग बादल्या हातोहात तळ्याकाठी येतात, पोरेसोरे त्यांत वाकून पाहतात, आणि वीतभर लांबीचे ठिपकेदार मासे क्षणभर काठाशी घोटाळून खोल पाण्यात नाहीसे होतात.

जेथे जंगली ट्राउट अद्याप टिकून आहे अशा ओढ्यांत हे पोसलेले मासे ओतू नयेत, त्यांच्या गर्दीने मूळ रहिवाशाचे अन्न आणि आसरा हिरावला जातो, असा जाणत्यांचा आक्षेप आहे आणि माझ्या मते तो रास्त आहे. पण जे तळे उन्हाळ्यात तापते आणि जेथे अंडी घालायला वाहत्या पाण्यातली वाळूखडी नाही, तेथे ट्राउटचा वंश आपोआप चालणारच नसतो; तेथे दर वसंतात ज्याने त्याने येऊन घेऊन जावे, एवढाच या माशांचा उपयोग. आपल्याकडे वैशाखात पाणपोई घालणारा कोण पाणी पिऊन गेला याची चौकशी करीत नाही, तोच हा प्रकार.

फरक इतकाच, की पाणपोईवाल्याला स्वतःच्या रांजणातले पाणी पिण्यास कोणाची परवानगी लागत नाही. इथे मात्र एप्रिलमध्ये हंगाम उघडतो तेव्हा हौदावर पहाटे राबलेला माणूसही इतरांसारखाच काठावर उभा राहतो. त्यालाही फी भरून मासेमारीचा परवाना आणि वर ट्राउटचा निराळा परवाना घ्यावा लागतो, आणि दिवसाला पाचांहून अधिक मासे त्यालाही घरी नेता येत नाहीत.