गणिताचा अभ्यास आणि पालकांची कार्यशाळा

शाळांतील पालकसभा बहुधा गुणपत्रिका, गणवेश आणि शुल्क ह्या तीन विषयांतच आटोपतात. काही शाळा मात्र प्राथमिक वर्गांतील मुलांच्या पालकांसाठी गणिताच्या कार्यशाळा घेतात. गणित मुलांनी शिकायचे असताना आई-वडिलांना पुन्हा बाकावर बसवण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. त्याचे उत्तर एका साध्या वजाबाकीत सापडते.

५२ मधून २७ वजा करावयाचे आहेत. आजी-आजोबांच्या पिढीतील पुष्कळांना ही रीत पाठ आहे : २ तून ७ जात नाहीत, म्हणून १२ तून ७ गेले ५, हातचा १, खालचे २ आणि हातचा १ मिळून ३, ५ तून ३ गेले २. उत्तर २५. आजच्या वर्गात मूल शिकते ते असे : ५ दशकांपैकी एक दशक सुटा करावयाचा, म्हणजे वर ४ दशक आणि १२ एकक उरतात, १२ तून ७ गेले ५, ४ तून २ गेले २. उत्तर तेच. दोन्ही रीती निर्दोष आहेत. जुन्या रीतीत वरच्या संख्येत दहा एकक आणि खालच्या संख्येत एक दशक मिळवला जातो. दोन्हींत दहाच वाढल्याने फरक बदलत नाही.

घोटाळा होतो तो संध्याकाळी, घरी. शाळेने सांगितले म्हणून मूल वरच्या ५ चे ४ करते आणि घरी सांगितले म्हणून खालच्या २ चे ३ करते. मग ४ तून ३ गेले १, आणि उत्तर येते १५. पालकांना तो निष्काळजीपणा वाटतो. वास्तविक मुलाने दोन वडीलधाऱ्यांचे, एकाच वेळी, अगदी प्रामाणिकपणे ऐकलेले असते. रागावून त्याची समजूत सुधारत नाही. आपल्याला गणित येत नाही एवढीच खूणगाठ ते मनाशी बांधते.

संख्यांच्या नावांचेही असेच आहे. आपण २१ ला ‘एकवीस’ म्हणतो, म्हणजे एकक आधी उच्चारतो. लिहिताना मात्र दशक आधी येतो. २९ तर ‘एकोणतीस’, म्हणजे तिसाला एक उणे. त्यामुळे ‘त्रेपन्न’ ऐकून एखादे मूल ३५ लिहिते, यात नवल नाही. कन्नड वा तेलुगू मुलाला ही अडचण नसते. त्यांच्या भाषेत वीस आधी आणि एक नंतर येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ आणि ‘एकवीस’ असे दोन्ही उच्चार दिले गेले, तेव्हा मोठे वादळ उठले आणि प्रश्न विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (त्या २०२३ साली निवर्तल्या) ह्यांनी त्यामागील हेतू मुलांची सोय हाच असल्याचे स्पष्ट केले होते. ‘वीस एक’ कानाला गोड लागत नाही, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु त्या बदलाविषयी पालकांशी शाळाशाळांतून आधी बोलणे झाले असते, तर निम्मा वाद उद्भवलाच नसता असे आम्हांला वाटते.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी पहिली-दुसरीच्या मुलांचा केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या पालकांच्या मनात गणिताची धास्ती होती आणि जे मुलांचा गृहपाठ वारंवार घेत होते, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली. धास्ती असूनही जे गृहपाठात फारसे पडत नव्हते, त्यांच्या मुलांवर तसा परिणाम आढळला नाही. याचा अर्थ पालकांनी अंग काढून घ्यावे असा नव्हे. मदतीबरोबर भीतीही हस्तांतरित होते, हे ध्यानात घ्यावयाचे. “आपल्या घरात गणित कुणाच्या डोक्यात शिरलेच नाही” हे वाक्य आपण हसत उच्चारतो. सात वर्षांची मुलगी मात्र ते वारसा म्हणून स्वीकारते.

चांगल्या कार्यशाळेत म्हणूनच भाषण कमी आणि हातांना काम अधिक असते. पालकांना काड्या आणि रबर दिले जातात. दहा काड्यांचा गठ्ठा बांधणे म्हणजे दशक, आणि गठ्ठा सोडणे म्हणजे ‘दशक सुटा करणे’, हे स्वतः केल्यावर फळ्यावरची ती अनोळखी वजाबाकी एकदम ओळखीची होते. सापशिडी, दोन फासे, पत्ते ह्यांतून बेरजा कशा करवून घ्याव्यात, हेही दाखवले जाते. आणि एक प्रश्न विचारावयास शिकवले जाते : “तू हे कसे केलेस?” उत्तर चुकले असो वा बरोबर, हा प्रश्न विचारावा आणि मग थांबून ऐकावे. हे थांबणेच सर्वांत कठीण, असा अनुभव आहे.

ज्यांचे शिक्षण चौथी-सातवीत सुटले, ते पालक अशा ठिकाणी येण्यास संकोचतात. खरे तर त्यांच्याकडे देण्यासारखे पुष्कळ असते. बाजारात मासळीचे वाटे लावणारी किंवा केळीचे घड विकणारी आई सव्वाशे, दीडशे, अडीचशेचा हिशेब कागदाविना करते. पावकी, निमकी, दीडकी पाठ असणारे आजोबा अजूनही काही घरांत आहेत. पाव, पाऊण, सव्वा हे शब्द ज्या मुलाच्या कानांवर रोज पडतात, त्याला अपूर्णांक परका वाटत नाही. राज्याच्या शाळा पूर्वतयारी अभियानात २०२२ पासून मातांचे गट करून त्यांना घरच्या घरी घ्यावयाचे खेळ देण्यात आले, त्यामागेही हाच विश्वास होता.

एक व्यावहारिक सूचना शाळाचालकांना करावीशी वाटते. कार्यशाळा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली, तर नोकरदार आई-वडील येऊ शकत नाहीत, आणि मग ‘पालकांना आस्थाच नाही’ असा शेरा मारला जातो. रविवारी मिस्सानंतरचा तासभर पुरेसा आहे. मुलांनाही सोबत बसू द्यावे, म्हणजे रीत कोणती हे तीच आई-वडिलांना समजावून सांगतील. निघताना प्रत्येक पालकाच्या हाती एकच पान द्यावे : ह्या वर्षी बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार वर्गात कोणत्या रीतीने आणि कोणत्या शब्दांत शिकवले जाणार आहेत, एवढेच त्यावर असावे.