पोथीवरचे भिंग

आषाढ शुद्ध पौर्णिमा ही व्यासपूजेची तिथी. या दिवशी अनेक घरांतून माळ्यावरची पेटी खाली येते, लाल रुमालाच्या गाठी सुटतात, पोथीवर गंधाक्षता वाहिल्या जातात आणि सायंकाळी ती पुन्हा बांधून वर्षभरासाठी जागच्या जागी ठेवली जाते. पूजा यथासांग होते; पोथी मात्र उघडून पाहिली जात नाही. आमच्या त्र्यंबकेश्वरच्या घरीही अनेक वर्षे हेच चालले. त्याचे फळ आम्हांस मिळाले आहे, आणि तेच आज वाचकांस निवेदन करावयाचे आहे. विषय वरकरणी आमच्या अधिकाराबाहेरचा वाटेल, कारण तो कॅमेरा आणि भिंगे यांचा आहे. परंतु त्र्यंबकेश्वरी शास्त्र्याच्या घरी कॅमेरा शिरला यात नवल काहीच नाही. ज्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, ते १८७० साली याच गावी एका संस्कृतज्ञ शास्त्र्यांच्या पोटी जन्मले होते, आणि चलच्चित्रांकडे वळण्यापूर्वी त्यांनी छायाचित्रणाचाच अभ्यास केला होता.

आमच्या घरी श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधाची हस्तलिखित पोथी आहे. लेखन त्रिपाठी पद्धतीचे. म्हणजे मूळ श्लोक पानाच्या मध्यभागी ठसठशीत अक्षरांत आणि श्रीधरस्वामींची टीका वर-खाली बारीक अक्षरांत. पानाच्या दोन्ही टोकांच्या कोऱ्या समासांत आमच्या पितामहांनी आपल्या कीर्तनाच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत. या श्लोकावर कोणते आख्यान लावावे, पूर्वरंग कोठे आटोपता घ्यावा, कोणती चाल धरावी, हे सर्व अतिशय बारीक अक्षरांत. मूळ ग्रंथ छापील मिळतो, टीकाही मिळते. या खुणा मात्र जगात दुसरीकडे कोठेही नाहीत.

दोन चातुर्मासांची बिदागी बाजूस ठेवून आम्ही एक फुल-फ्रेम डिजिटल कॅमेरा घेतला, तो याच पोथीसाठी. सोबत २४ ते १०५ मि.मी.ची झूम भिंग आली. ‘एकाच भिंगात सर्व कामे होतात’ असे दुकानदाराने सांगितले आणि आम्ही ते शास्त्रवचनासारखे मानले. व्यासपूजेच्या सायंकाळी, समईच्या उजेडात, पाटावर पोथी ठेवून, कॅमेरा हातातच धरून, भिंग २४ मि.मी.वर फिरवून आम्ही सर्व पाने टिपली. इवल्याशा पडद्यावर सारे सुबक दिसले. पुढे श्रावणात पेटीत पाणी झिरपले. एक्केचाळीस आणि बेचाळीस ही दोन पाने एकमेकांस चिकटली, आणि ती सोडविताना आमच्याच हातून फाटली. तेव्हा आम्ही ती छायाचित्रे मोठी करून पाहिली. मध्यभागीचे मूळ श्लोक स्वच्छ होते. टीका निम्मी वाचता येत होती. आणि समासातील पितामहांची अक्षरे म्हणजे केवळ तपकिरी डाग. जे छापील मिळते ते वाचले होते, आणि जे अन्यत्र नाही तेच गेले होते.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. दोष होता तो कोणत्या कामास कोणते भिंग योजावे याच्या आमच्या अज्ञानाचा. ‘लेन्स’ हा शब्द मूळ लॅटिन भाषेतला आणि त्याचा अर्थ मसूर असा आहे. दोन्ही बाजूंनी फुगीर असे काचेचे भिंग मसुराच्या दाण्यासारखे दिसते, म्हणून हे नाव. स्वयंपाकघरातील या नावामुळे आम्हांस तो विषय एकदम घरचा वाटू लागला, हे कबूल करावयास हरकत नाही.

फुल-फ्रेम म्हणजे काय, हे प्रथम पाहू. या कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट ३६ मि.मी. रुंद आणि २४ मि.मी. उंच असतो. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने फिल्मची जी चौकट रूढ केली, तिचेच हे माप. या पटाचा कर्ण सुमारे ४३ मि.मी. भरतो, आणि त्याच्या जवळपासचे नाभ्यंतर असलेले ५० मि.मी.चे भिंग या पटास ‘सर्वसाधारण’ मानतात. त्याहून कमी आकड्याची भिंगे दृश्य अधिक रुंद घेतात. अधिक आकड्याची ते आवळतात. २४ मि.मी.चे भिंग कर्णाच्या रेषेवर सुमारे ८४ अंशांचा पट्टा पाहते, ५० मि.मी.चे सुमारे ४७ अंशांचा आणि २०० मि.मी.चे केवळ १२ अंशांचा. लहान पटाच्या कॅमेऱ्यांत तेच ५० मि.मी.चे भिंग ७५ मि.मी.सारखे अरुंद पाहते, कारण कडेचे चित्र कापले जाते. उलट, लहान पटासाठी घडविलेले भिंग फुल-फ्रेमवर चढविले तर कोपरे काळे पडतात, किंवा कॅमेरा आपण होऊन मधलाच भाग वापरतो आणि चोवीस दशलक्ष बिंदूंचे जेमतेम दहा दशलक्ष उरतात. स्वस्त मिळाले म्हणून असे भिंग घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आमची चूक. आडवे पान २४ मि.मी.ने चौकटभर आणावयाचे तर भिंग पानाच्या अगदी जवळ न्यावे लागते. मग पानाचा मध्य भिंगासमोर, परंतु दोन्ही टोके दूर आणि तिरकी. त्यात रुंद झूम भिंगात सरळ ओळी कडेकडे वाकतात आणि कोपऱ्यांतील स्पष्टता मध्यापेक्षा उणी असते. समईच्या मंद प्रकाशामुळे छिद्र पूर्ण उघडे होते, आणि पडदा १/१५ सेकंद उघडा राहिल्याने हाताचा कंपही चित्रात उतरला. सुस्थितीतील पानावर याने फारसे बिघडत नाही. समासातल्या बारीक अक्षराचा मात्र सर्वनाश होतो.

अशा कामास मॅक्रो भिंग हवे. ते केवळ किडे-फुले मोठी दाखविण्यासाठी आहे, ही समजूत अपुरी आहे. सपाट पृष्ठ कडेपासून कडेपर्यंत सारखे स्पष्ट उमटावे आणि सरळ रेषा सरळच राहावी, यासाठी त्याची घडण केलेली असते. आम्ही १०० मि.मी.चे घेतले. आमच्या पोथीचे पान २४ सें.मी. लांब आहे, ते ३६ मि.मी.च्या पटावर आणले म्हणजे प्रतिमा सुमारे ०.१५ पट होते. या मापाला १०० मि.मी.चे भिंग पानापासून पाऊण मीटरवर राहते, ५० मि.मी.चे मात्र त्याच्या निम्म्याच अंतरावर. त्या निम्म्या अंतरावर कॅमेऱ्याची सावली पानावर पडते आणि दिवे लावावयास जागा राहत नाही. अंतर हा या निवडीतला मोठा लाभ आहे.

हिशेब आणखी थोडा पुढे नेऊ. चोवीस दशलक्ष बिंदूंच्या कॅमेऱ्यात आडव्या ओळीत ६००० बिंदू असतात. म्हणजे पानाच्या प्रत्येक सेंटीमीटरला २५० बिंदू आले. अर्ध्या मि.मी.चा अनुस्वार सुमारे बारा बिंदूंत उमटतो आणि स्वच्छ दिसतो. एक अनुस्वार गळला तर अर्थ कोठल्या कोठे जातो, हे संस्कृत जाणणाऱ्यांस सांगणे नलगे. आमच्या पोथीत लेखनिकाने चुकलेल्या अक्षरांवर पिवळी हरताळ लावून वर दुरुस्ती केली आहे. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. चांगल्या भिंगातून त्या हरताळेखालचे मूळ चुकीचे अक्षरही काही ठिकाणी ओळखता येते. (हरताळ हे सोमलाचे संयुग असून विषारी आहे. पोथीची पाने उलटताना बोट जिभेला लावण्याची सवय असेल तर ती सोडावी.)

छिद्रमानाविषयी नवशिक्याचा गोंधळ फार होतो. एफ/२.८, एफ/४, एफ/५.६, एफ/८ हे आकडे वाढत जातात तसे छिद्र लहान होते आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. नाभ्यंतरास छिद्राच्या व्यासाने भागून हा आकडा येतो, म्हणून तो उलटा. जुने पान कधी सपाट राहत नाही, त्याची कड काही मि.मी. वर उचललेली असते. एफ/२.८ वर ती कड पुसट होते, एफ/८ वर मध्य आणि कड दोन्ही साधतात. मग एफ/२२ का नको? कारण छिद्र फार लहान केले की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो आणि सारेच चित्र मऊ पडते. पोथीस एफ/८ उत्तम, फार तर एफ/११.

कॅमेरा उभ्या खांबाच्या स्टँडवर तोंड खाली करून बसवावा. तो पानाशी समांतर आहे की नाही, याची एक सोपी परीक्षा आहे. पानाच्या जागी लहान आरसा सपाट ठेवावा आणि कॅमेऱ्यातून पाहावे. भिंगाचे स्वतःचेच प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसले तर कॅमेरा सरळ आहे. दोन सारखे दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत ठेवावेत. फ्लॅश लावू नये, समईही नको. समईचा मान गाभाऱ्यात. कंपरोधक व्यवस्था स्टँडवर बंद ठेवावी आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी चित्र घेणारी योजना वापरावी. चिकटलेली पाने स्वतः सोडवू नयेत. जाणत्या संरक्षकाकडे न्यावीत. हे आम्ही किती विलंबाने शिकलो, ते वर आलेच आहे.

प्रत्येक घरी १०० मि.मी.चे मॅक्रो भिंग घेण्याची ऐपत असेल असे नाही. आमच्या मामांच्या फिल्मच्या कॅमेऱ्याचे ५० मि.मी.चे निकॉन भिंग ट्रंकेत पडून होते. फुल-फ्रेम हे फिल्मचेच माप असल्याने असे भिंग इथे पूर्ण दृष्टीने वापरता येते. जुन्या निकॉन जोडणीत भिंगापासून पटापर्यंतचे अंतर ४६.५ मि.मी. असते, २०१८ साली आलेल्या निकॉनच्या आरसाविरहित मालिकेत ते १६ मि.मी. आहे. मधल्या ३०.५ मि.मी.त एक पोकळ कडे बसते आणि जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर चालू लागते. फोकस हाताने करावा लागतो. परंतु दृश्य कॅमेऱ्यातच कितीतरी पट मोठे करून पाहता येत असल्याने आमच्यासारख्या साठी ओलांडलेल्या डोळ्यांसही ते जमते.

या मामांच्या भिंगाची एक दुःखद बाजूही आहे. चातुर्मासभर ते चामड्याच्या पेटीत राहिले. आमच्या गावचा पाऊस सर्वश्रुत. चामडे ओल धरते. उघडले तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले होते. ही बुरशी होय. एकदा काचेवरचा लेप तिने खाल्ला की तो परत येत नाही. भिंगे हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत, आत आर्द्रतामापक असावा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावा. चामड्याची पेटी फडताळात शोभेला ठेवावी.

कीर्तन आणि पालखी यांच्यासाठी कोणते भिंग, असे आमचे पुतणे वारंवार विचारतात. थोडक्यात सांगतो. रात्रीच्या कीर्तनास ८५ मि.मी. एफ/१.८ उत्तम; बुवांच्या अंगावर न जाता मुद्रा टिपता येते. जवळून रुंद भिंगाने घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठे दिसते, तो दोष खरे म्हणजे भिंगाचा नसून जवळिकीचा आहे. निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात पंढरीस निघते त्या गर्दीत ३५ मि.मी. पुरते. ७०-२०० मि.मी. एफ/२.८ चे धूड गळ्यात घालून वारीत चालण्याचा हौशी मंडळींचा आग्रह आम्हांस कळत नाही. दीड किलोच्या आसपास वजन असते ते, आणि टाळकऱ्यांस त्याचा धक्का लागतो तो निराळाच. असो.

पाठभेद जपण्याचे काम किती मोठे होऊ शकते, हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने दाखविले आहे. ठिकठिकाणची हस्तलिखिते ताडून त्यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९६६ साली ती पूर्ण झाली. आपल्या घरची चाळीस पानांची पोथी त्यापुढे काहीच नव्हे, परंतु तिच्या समासातील अक्षरे आपल्याच पूर्वजांची असतात. कॅमेरा उघडण्यापूर्वी पाने मोजावीत, क्रमांक पाहावेत, गहाळ पानाची नोंद करावी. प्रत्येक चित्रात पानाशेजारी सेंटीमीटरची पट्टी ठेवावी. पानाची दुसरी बाजू विसरू नये. चित्रांच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक परगावच्या नातलगाकडे असावी.

आमच्या पोथीची उरलेली पाने आता मॅक्रो भिंगाने पूर्ण टिपून झाली आहेत. एक्केचाळीस आणि बेचाळीस यांचे तुकडे आम्ही बारीक कागदी लखोट्यात जपले आहेत. परवा त्यांतील एका तुकड्यावर १०० मि.मी.चे भिंग पूर्ण जवळ नेले. तेथे पटावर पानाचे ३६ गुणिले २४ मि.मी. एवढेच क्षेत्र, मूळ आकारात, येते. पितामहांच्या हातचे ‘येथे अंबरीष’ एवढे दोन शब्द वाचता आले. त्यापुढे कागद फाटलेला आहे.